एकस्फटिकाच्या निर्मळ पृष्ठाची कुळकथा

वाशिम तालुक्यातील अनसिंग ज्या काळ्या बेसाल्टवर वसले आहे, तो फोडला असता सपाट पृष्ठ मिळत नाही, कारण ती असंख्य बारीक स्फटिकांची दाट गुंफण असते. दख्खनच्या याच खडकातील पोकळ्यांत कोठे कोठे अ‍ॅपोफिलाइट वाढलेले आढळते. त्याच्या एका खड्यात अणूंची मांडणी अखंड एकच असते, म्हणून तो एकस्फटिक, आणि ठरावीक दिशेने पात्याचा हलका घाव बसताच त्याचा मोत्याच्या झाकेचा पापुद्रा सुटतो. पृष्ठविज्ञानाला, म्हणजे पदार्थाच्या सर्वांत वरच्या अणुथरांच्या अभ्यासाला, लागणारे पृष्ठ मिळवण्याची सर्वांत साधी रीत हीच होय.

निकेल किंवा प्लॅटिनम असे चिरत नाही, वाकते. त्यांची कुळकथा आगीपासून सुरू होते. 1925 साली बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर यांच्या प्रयोगात द्रवरूप हवेची बाटली फुटून तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढला, तो घालवताना दिलेल्या दीर्घ उष्णतेने बारीक कणांचे मोजके मोठे स्फटिक झाले, आणि पुढे मुद्दाम कापलेल्या एकस्फटिकावरून 1927 मध्ये इलेक्ट्रॉनचे तरंगरूप सिद्ध झाले. अपघात अनेकांच्या वाट्याला येतात. बदललेल्या मोजमापांचे कारण धातूच्या कणरचनेत शोधण्याची चिकाटी मात्र विरळा.

1950 च्या दशकात ब्राउन विद्यापीठात फार्न्सवर्थ यांनी या उष्णतेला आयनांच्या माऱ्याची जोड दिली. क्ष-किरणांनी दिशा ठरवून कापलेली आणि हिऱ्याच्या बारीक भुकटीने घासलेली चकती डोळ्यांना आरशासारखी दिसते, पण अणूंच्या पातळीवर ती ओरखड्यांनी आणि कार्बन, गंधकाच्या मळाने भरलेली असते. निर्वात पात्रात आर्गॉनचे आयन तिच्यावर आदळून मळासह वरचे थर उडवतात, त्यातून झालेले खड्डे पुढच्या तापवणीत अणू सरकून भरून निघतात, आणि हे चक्र अनेकदा फिरवावे लागते. सोनार रवा पाडतो तसा प्लॅटिनमच्या तारेचे टोक ज्योतीत वितळवून मणी करण्याची क्लाव्हिलिए यांची 1980 ची रीत विद्युतरसायनात रुजली.

उघड्या हवेत असे पृष्ठ सेकंदाच्या सुमारे अब्जाव्या भागात वायूच्या थराने झाकले जाते. हवेचा दाब सुमारे 10 लाख कोटी पटींनी घटवला, तरी ते काही तासच निर्मळ राहते.