वांग्याचे गुपित : व्यापारी गोपनीयता आणि जनतेचा अधिकार

१/ परवाना मिळवण्यासाठी एखादी कंपनी आपल्या प्रयोगांचे अहवाल शासनापुढे ठेवते. त्यानंतर ते कागद कोणाचे? कंपनीचे, शासनाचे, की ज्यांच्या ताटात तो पदार्थ येणार त्यांचे? भारतात हा वाद गाजला तो वांग्याच्या निमित्ताने. #इतिहास #थ्रेड

२/ जालन्याच्या महिको कंपनीने बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे जनुक वांग्यात घातले. शेंडे व फळे पोखरणारी अळी मरावी आणि फवारण्या कमी व्हाव्यात, हा त्यामागील हेतू. १९८९ च्या नियमांनुसार अशा वाणास शासकीय समित्यांची मान्यता आवश्यक होती. त्यासाठी उंदीर, ससे, शेळ्या, कोंबड्या, गायी यांवरील चाचण्यांचे अहवाल सादर झाले.

३/ ऑक्टोबर २००५ मध्ये माहिती अधिकार कायदा लागू झाला. पुढच्याच वर्षी ग्रीनपीसच्या एका कार्यकर्तीने जैवतंत्रज्ञान विभागाकडे या वांग्याची विषारीपणा व ॲलर्जीविषयक माहिती मागितली. विभागाने ती नाकारली. आधार घेतला कलम ८ मधील व्यापारी गुपिताच्या अपवादाचा.

४/ हा अपवाद निरर्थक नव्हता. नियामकाकडे दिलेले कागद प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडले, तर वर्षानुवर्षांचे श्रम त्याला फुकट मिळतात. तशी भीती असल्यास कंपन्या नियामकालाही हातचे राखूनच सांगतील. गोपनीयतेचे आश्वासन द्यावे लागते ते यासाठी.

५/ मात्र त्याच कलमात एक अट आहे : व्यापक जनहितासाठी आवश्यक असेल, तर अशी माहितीही खुली करता येते. कलम ११ नुसार त्रयस्थ पक्षाचे, म्हणजे येथे कंपनीचे, म्हणणे विचारात घ्यावे लागते. पण त्याला नकाराधिकार नाही.

६/ आंतरराष्ट्रीय आधारही होता. जैवसुरक्षेविषयीचा कार्ताहेना करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. त्याच्या अनुच्छेद २१ नुसार व्यापारी माहिती गोपनीय ठेवता येते. परंतु धोक्याच्या मूल्यमापनाचा सारांश गोपनीय मानता येत नाही.

७/ एप्रिल २००७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने माहिती देण्याचा आदेश दिला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दरम्यान जनुकीय पिकांविषयीची एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होती. २००८ मध्ये तेथेच विषारीपणा व ॲलर्जीविषयक माहिती खुली करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी ती संकेतस्थळावर आली.

८/ आता समित्यांबाहेरील शास्त्रज्ञांनाही मूळ आकडे तपासता आले. काहींनी चाचण्यांच्या कालावधीवर व निष्कर्षांवर आक्षेप घेतले. शासनाच्या तज्ज्ञ समितीने ते अमान्य केले आणि १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने वाणास हिरवा कंदील दाखवला.

९/ तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी लागवडीला स्थगिती दिली. शास्त्रज्ञांतील मतभेद, स्वतंत्र चाचण्यांचा अभाव आणि अनेक राज्यांचा विरोध ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

१०/ माहिती खुली झाल्याने वाद मिटला नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये हेच जनुक असलेल्या वांग्यांना परवानगी दिली, आणि भारताची स्थगिती अनाठायी होती असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. मात्र दोन्ही बाजूंना एकाच कागदपत्रांवर बोट ठेवून बोलता येऊ लागले.

११/ या प्रकरणाने एक भेद ठळक केला. वाण कसे घडवले, हे कंपनीचे गुपित असू शकते. ते खाल्ल्यावर प्राण्यांवर काय परिणाम झाला, हे मात्र खाणाऱ्यांपासून लपवता येत नाही. औषधे, कीटकनाशके, रसायने अशा कोणत्याही परवान्याच्या वादात प्रथम विचारावा असा प्रश्न हाच : जे झाकले जात आहे, ते नेमके यांपैकी कोणते?