इंधनबाष्प पुनर्प्राप्ती यंत्रणेचे सीमाशुल्क वर्गीकरण

पेट्रोल उतरवताना किंवा वाहनात भरताना हवेत निसटणारी बाष्पे परत गोळा करणाऱ्या उपकरणांना इंधनबाष्प पुनर्प्राप्ती यंत्रणा म्हणतात. अशी उपकरणे आयात झाल्यावर ती शुल्कसूचीतील कोणत्या शीर्षकाखाली मोडतात हे ठरवण्याच्या प्रक्रियेस त्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण म्हणतात. शुल्कसूचीत या यंत्रणेच्या नावाचे स्वतंत्र शीर्षक नाही. त्यामुळे यंत्र कोणत्या तत्त्वावर चालते आणि ते कोणत्या रूपात बंदरात येते, यांवरच निर्णय अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

पेट्रोलच्या बाष्पांत बेन्झीन हा कर्करोगकारक घटक असतो. पहिल्या टप्प्यातील यंत्रणा भूमिगत टाकीतील बाष्पे रिकाम्या होणाऱ्या टँकरमध्ये परत नेते. दुसऱ्या टप्प्यातील यंत्रणा वाहनाच्या टाकीतून बाहेर पडणारी बाष्पे नोझलवाटे ओढून घेते. नव्या पेट्रोल पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या यंत्रणेचा समावेश आहे.

कायदेशीर चौकट

भारतात वर्गीकरण सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीनुसार होते. संकेतांकाचे पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी प्रणालीतून घेतलेले असून पुढचे दोन भारताने जोडलेले आहेत. अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यांतील पहिल्या नियमानुसार शीर्षकाचे शब्द आणि विभाग व प्रकरणांच्या टिपा निर्णायक असतात. बीजकावर विक्रेत्याने लिहिलेले नाव निर्णायक नसते. वाद मात्र बहुधा त्या नावापासूनच सुरू होतात.

शीर्षकांची निवड

बाष्पे ओढणारा निर्वात पंप सुटा आल्यास तो ८४१४ या शीर्षकाखाली येतो. तोच पंप इंधन वितरण यंत्रात बसवलेला असेल, तर संपूर्ण यंत्राचे प्रमुख कार्य पाहावे लागते. ते इंधन मोजून देण्याचे असल्यामुळे ८४१३ हे शीर्षक लागू होते. त्यातील ८४१३ ११ हे उपशीर्षक पेट्रोल पंपांवरील वितरण पंपांसाठीच आहे.

इंधन साठवणुकीच्या आगारांतील मोठ्या यंत्रणांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सक्रिय कोळशाच्या थरावर बाष्पे शोषून स्वच्छ हवा बाहेर सोडणारी यंत्रणा वायू शुद्धीकरणाच्या ८४२१ या शीर्षकाकडे झुकते. उद्देश शुद्धीकरणाचा नसून पेट्रोल परत मिळवण्याचा आहे, असा आक्षेप येथे घेता येतो. परंतु सुसंवादी प्रणालीच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनी मौल्यवान पदार्थ परत मिळवण्यासाठी वायूतून केलेले विलगीकरणही याच शीर्षकात धरले आहे. बाष्पे थंड करून द्रवरूप करणारी यंत्रणा असेल, तर तापमानबदलाने प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांचे ८४१९ हे शीर्षक विचारात घ्यावे लागते.

सोळाव्या विभागाची चौथी टीप येथे फार महत्त्वाची ठरते. नळ्यांनी वा तारांनी जोडलेले अनेक घटक मिळून एकच निश्चित कार्य करत असतील, तर त्या सर्वांचे वर्गीकरण त्या कार्याच्या शीर्षकात होते. हेच घटक सुटे भाग म्हणून वेगवेगळे आयात केले, तर चित्र बदलते. झडप ८४८१ मध्ये, दाबमापक ९०२६ मध्ये, रबरी नळी ४००९ मध्ये आणि प्लास्टिकची नळी ३९१७ मध्ये जाते. स्वतःचे शीर्षक असलेला भाग ‘बाष्प यंत्रणेचा भाग’ म्हणून मुख्य यंत्राच्या शीर्षकात नेता येत नाही.

मोटारीतील कोळशाचा डबा हे याच तर्काचे उदाहरण आहे. तो केवळ वाहनांतच वापरला जात असला, तरी सतराव्या विभागाची दुसरी टीप ८४०१ ते ८४७९ मधील यंत्रांना वाहनांच्या भागांतून वगळते. त्यामुळे ८७०८ ऐवजी ८४२१ चा दावा अधिक बळकट ठरतो.

वाद आणि निवारण

२०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्कनिर्धारण करून बिल ऑफ एन्ट्री दाखल करायचे असते. चुकीच्या शीर्षकामुळे शुल्क कमी भरले गेल्यास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ खाली सामान्यतः दोन वर्षांपर्यंतची मागणी होऊ शकते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असल्यास ही मुदत पाच वर्षे असते. म्हणजे यंत्रणा बसवून झाल्यावर व तिची किंमत हिशेबात धरल्यावरही नोटीस येऊ शकते.

आयातदाराने सांगितलेले शीर्षक बदलायचे असल्यास ते सिद्ध करण्याचा भार महसूल विभागावर असतो. स्पष्टीकरणात्मक टिपांचे मार्गदर्शक मूल्य सर्वोच्च न्यायालयाने वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स खटल्यात (१९९५) मान्य केले. सवलतीच्या अधिसूचनेबाबत मात्र उलट स्थिती आहे. मुंबईच्या सीमाशुल्क आयुक्तांच्या दिलीप कुमार खटल्यात (२०१८) घटनापीठाने, अधिसूचना संदिग्ध असल्यास तिचा लाभ महसुलाला मिळेल, असे ठरवले. योग्य शीर्षक सिद्ध करूनही आयातदाराला सवलत मिळेलच असे नाही, ते यामुळे.

आयातीपूर्वी खात्री हवी असल्यास मुंबई किंवा दिल्ली येथील सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. यंत्राचा आराखडा, कार्यपद्धती आणि घटकांची यादी दिल्यास निर्णयाला आधार मिळतो. हा निर्णय अर्जदार आणि संबंधित सीमाशुल्क अधिकारी यांच्यावर बंधनकारक असून कायदा किंवा वस्तुस्थिती न बदलल्यास ठरावीक मुदतीपर्यंत लागू राहतो.