शोकात्म नायक

१. शोकात्म नायक : हा नायक सद्गुणांचा पुतळाही नसावा आणि दुर्जनही नसावा, लौकिकाच्या शिखरावरून त्याचा अधःपात एखाद्या घोर प्रमादामुळे व्हावा, असे ॲरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’च्या १३व्या प्रकरणात म्हणतो, परंतु सोफोक्लीझच्या ईडिपसापुढे, ज्याचे उदाहरण तो स्वतःच देतो, हे लक्षण मला अपुरे वाटते. थीब्झ नगरीतील महामारीच्या निवारणार्थ, पूर्वीचा राजा लेयस याच्या मारेकऱ्याविरुद्ध स्वतःच फर्मान काढून, द्रष्टा टायरेसियस, राणी जोकास्टा आणि अखेरीस साक्षीदार असलेला एक वृद्ध धनगर काकुळतीने परावृत्त करीत असताही जो चौकशी तडीस नेतो व साक्षीदाराकडून पुरी जबानी वदवून घेतो, त्याचा विनाश प्रमादापेक्षा त्याच्या निर्भय सत्यनिष्ठेतूनच ओढवतो. लेयस हा आपलाच पिता आणि जोकास्टा ही आपलीच माता, हे त्या चौकशीतून त्याला उमगते. हा पितृवध आणि मातृविवाह दैवनियोजित होते; नेत्र मात्र आपल्याच हातांनी फोडले, हे तो निक्षून सांगतो.