रस्ता वापर आकार, न्यूझीलंड

वाहनाने कापलेल्या अंतरावर न्यूझीलंड सरकार आकारते ते शुल्क. ‘रोड युजर चार्जेस’ किंवा ‘आरयूसी’ या नावाने ते तेथे ओळखले जाते. 1 एप्रिल 2024 पासून विजेवर चालणाऱ्या हलक्या मोटारींनाही ते लागू झाले. मात्र त्यामागची व्यवस्था डिझेल गाड्यांसाठी 1977च्या कायद्याने उभी राहिली होती. न्यूझीलंडमध्ये रस्त्यांसाठीचा कर पेट्रोलच्या दरातच वसूल होतो. डिझेलचा बराच वाटा ट्रॅक्टर, बोटी आणि यंत्रांत जळत असल्याने त्यावर तसा कर बसवणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून डिझेल गाड्यांकडून किलोमीटरनुसार पैसे घेण्याची रीत पडली.

गाडीमालक हजार किलोमीटरच्या पटीत अंतराचा परवाना आगाऊ विकत घेतो. त्याची चिठ्ठी समोरच्या काचेवर लावतात आणि ठरावीक मुदतीच्या वाहनतपासणीत ओडोमीटरचा आकडा नोंदला जातो. गाडी कुठे गेली याच्याशी सरकारला कर्तव्य नसते, किती चालली एवढेच पाहिले जाते. जमा रक्कम राष्ट्रीय भूवाहतूक निधीत जाते.

विद्युत मोटारींना 2009 पासून या आकारातून सूट होती. एकूण हलक्या वाहनांत त्यांचे प्रमाण 2 टक्के होईपर्यंत ती ठेवावी, असे 2016 मध्ये ठरले. पुढे 31 मार्च 2024 ही अखेरची तारीख निश्चित झाली. त्यानंतर दर हजार किलोमीटरला 76 डॉलर, म्हणजे हलक्या डिझेल गाडीइतकाच दर लागू झाला. प्लग-इन हायब्रिडसाठी 53 डॉलर सुचवले होते. पण या गाड्यांचे मालक पेट्रोलवरचा करही भरतात, हे ध्यानात घेऊन ते 38 वर आणले गेले.

खरा वाद साध्या पेट्रोल हायब्रिडमुळे उद्भवला. शंभर किलोमीटरला चार लिटर पेट्रोल पिणारी गाडी, लिटरमागे सुमारे 70 सेंट कर धरला, तर हजार किलोमीटरला जीएसटी सोडून 28 डॉलरच भरते. धूर न सोडणाऱ्या गाडीला त्याच्या दुपटीहून अधिक भुर्दंड, ही तक्रार रास्तच होती. विद्युत मोटार बॅटरीमुळे जड, म्हणून रस्ता जास्त खराब करते, हा उलट बाजूचा युक्तिवाद मात्र फारसा टिकत नाही. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे नुकसान मुख्यतः मालट्रकांचे. म्हणूनच जड वाहनांचे दर वजन आणि आसांची संख्या पाहून ठरतात. हलक्या गाडीचा आकार हा झिजेचा मोबदला नसून सामायिक खर्चातला वाटा आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने सर्वच हलक्या वाहनांना टप्प्याटप्प्याने किलोमीटरनुसार आकार लावून पेट्रोलवरील कर संपवण्याचा मनोदय जाहीर केला. काचेवरच्या चिठ्ठीची सक्ती काढून टाकणे हाही त्याच प्रस्तावाचा भाग आहे.