सागरी कालमापकांचा संग्रह
सागरी कालमापकांचा संग्रह : समुद्रावर जहाजाचे रेखांश ठरविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या अचूक यांत्रिक घड्याळास सागरी कालमापक किंवा क्रोनोमीटर म्हणतात. जहाजाच्या भिंतीवर बसविलेले पितळी गोल घड्याळ आणि हा कालमापक यांत नवख्या संग्राहकाची बहुधा गल्लत होते. पहिले खलाशांच्या पाळ्यांसाठी असे; दुसऱ्याचे काम मूळ रेखावृत्तावरील वेळ जपून ठेवण्याचे. ती वेळ सूर्यावरून काढलेल्या स्थानिक वेळेशी ताडून पाहिली असता, दर चार मिनिटांच्या फरकास एक अंश या प्रमाणात रेखांश मिळतात. कालमापक एक मिनिट चुकला, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान १५ सागरी मैलांनी चुकते. [→ अक्षांश व रेखांश].

इ. स. १७०७ मध्ये सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे फुटून हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्या अपघाताचे कारण केवळ रेखांशातील चूक हे नव्हे. तथापि त्याने लोकमत हलले आणि १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश देणाऱ्या पद्धतीस २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. यॉर्कशरमध्ये जन्मलेला सुतार जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) याने त्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्याचे १७३५ चे पहिले यंत्र सु. ३४ किग्रॅ. वजनाचे होते, तर १७५९ मध्ये पूर्ण झालेले चौथे मोठ्या खिशातील घड्याळासारखे, सु. १३ सेंमी. व्यासाचे होते. १७६१-६२ मधील जमेका सफरीत ८१ दिवसांत त्यात केवळ सु. ५ सेकंदांची चूक आढळली. लार्कम केंडलने त्याची केलेली प्रतिकृती कॅप्टन जेम्स कुक याने दुसऱ्या सफरीत (१७७२–७५) वापरली. केंडलचे दुसरे घड्याळ ‘बाउंटी’ जहाजावर होते. १७८९ मधील बंडानंतर ते बंडखोरांबरोबर पिटकेर्न बेटावर गेले. १८०८ मध्ये तेथे आलेल्या एका अमेरिकन कप्तानाच्या हाती पडले आणि अनेक हातांतून फिरून अखेर इंग्लंडला परतले. आज ते ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे.

हॅरिसनने समस्या सोडविली, परंतु त्याची रचना महागडी व गुंतागुंतीची होती. संग्राहकांच्या हाती येणारे कालमापक दुसऱ्याच परंपरेचे आहेत. तोलचक्र बहुतेक काळ चक्रमालिकेपासून मोकळे ठेवण्याची कल्पना फ्रान्समधील प्येर ल र्‌वा (१७१७–८५) याने रुजविली. इंग्लंडमध्ये जॉन आर्नल्ड (१७३६–९९) व टॉमस अर्नशॉ (१७४९–१८२९) यांनी ती साध्या स्वरूपात आणून उत्पादन वाढविले. या दोघांत अग्रहक्काचा कडवट वाद झाला. अर्नशॉची रचना मात्र किरकोळ फेरफारांसह विसाव्या शतकापर्यंत टिकली. १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर २२ कालमापक होते. त्यांतील अर्नशॉचा एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

नेहमीचा कालमापक तीन भागांच्या महोगनी किंवा शिसवी पेटीत असतो. पितळी वाडग्यात बसविलेले यंत्र दोन कड्यांवर झुलते, त्यामुळे जहाज कलले तरी तबकडी आडवीच राहते. चावी देण्यासाठी वाडगा उलटा करतात. शंकूसारख्या निमुळत्या कप्पीवर गुंडाळलेली बारीक साखळी मुख्य कमानीचा उतरता जोर सारखा करते. तोलचक्राची केशकमान चपटी नसून मळसूत्राकार असते. सेकंदकाटा अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पुढे सरकतो, आणि वरची लहान तबकडी चावी देऊन किती तास लोटले ते दाखविते. थांबलेला कालमापक चावी देऊनही आपोआप सुरू होत नाही, त्यास हलकासा पीळ द्यावा लागतो. उलट, नेताना अवचित पीळ बसल्यास तो एकदम पुढे धावतो किंवा नाजूक भाग मोडतो. म्हणून तोलचक्राखाली बुचाचे तुकडे घालून तो हलवितात. बाजारात येणाऱ्या कित्येक कालमापकांची नासाडी समुद्राने केलेली नसून बेफिकीर वाहतुकीने केलेली असते.

१९१० पासून आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी कालसंकेत प्रसारित होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात हॅमिल्टन कंपनीने अमेरिकन आरमारासाठी हजारो कालमापक बनविले. पुढे क्वॉर्ट्झ घड्याळे आली आणि ही यंत्रे आरमारांच्या कोठारांतून बाहेर पडली. संग्रहाचा खरा प्रसार तेथून झाला. त्याआधीचा पाया रूपर्ट गूल्ड (१८९०–१९४८) या नौदल अधिकाऱ्याने घातला. १९२३ मध्ये त्याने कालमापकांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि ग्रिनिचला गंजून पडलेली हॅरिसनची यंत्रे अनेक वर्षे विनावेतन खपून चालू केली. इंग्रज अभियंता कोर्टनी एड्रियन इल्बर्ट (१८८८–१९५६) याचा प्रचंड घड्याळसंग्रह लिलावात विखुरण्याच्या बेतात असता १९५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमने देणग्यांच्या साहाय्याने तो घेतला. तसे झाले नसते, तर अभ्यासकांना तुलनेसाठी एवढे साहित्य एके ठिकाणी मिळाले नसते.

कालमापकाचे मोल केवळ कारागिराच्या नावावर अवलंबून नसते. तबकडीवरील नाव पुष्कळदा विक्रेत्याचे असते. यंत्राचा कच्चा सांगाडा लँकाशरमधील प्रेस्कट येथे व उरलेले काम लंडनमधील क्लार्कनवेलच्या अनेक हातांत झालेले असे. क्रमांक मात्र बोलतो. ब्रिटिश आरमाराच्या कालमापकांच्या नोंदवह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांवरून एखादे घड्याळ कोणत्या साली कोणत्या जहाजावर गेले, हे पाहता येते. म्हणूनच एका कालमापकाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसविणे, क्रमांक घासून टाकणे, जुनी तबकडी चकचकीत करून घेणे हे प्रकार साध्या फसवणुकीहून अधिक हानिकारक होत. त्यांमुळे वस्तू राहते, पण तिचा पुरावा नाहीसा होतो. चालू ठेवण्याच्या हट्टाबाबतही हेच म्हणता येईल. हॅरिसनची पहिली तीन यंत्रे ग्रिनिचला चालती ठेवलेली आहेत. चौथ्यास वंगण लागते व त्याची झीज होते, म्हणून ते थांबविलेले आहे.

मुंबईशी या विषयाचा संबंध जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली, ती बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्याच्या हेतूनेच. दारूखाना येथील जहाजतोडणीतून निघालेल्या वस्तू चोरबाजारात येत राहिल्या. तथापि तेथे जुनी म्हणून विकली जाणारी पितळी घड्याळे बहुधा अलीकडची असतात. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुना कालमापक पुरावशेष ठरू शकतो आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.