हे हात कुणाचे?

आज ज्या कार्यक्रमाबद्दल बोलणार आहे, तो मी पहिल्यांदा पाहिला भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. मामू कुवेतहून आले होते. टीव्हीवरून उतरवून घेतलेली एक कॅसेट त्यांच्या बॅगेत होती. पडद्यावर मोठ्या मिशांचा, भुवयांत डोळे हरवलेला एक बाहुला स्वयंपाकी कुठल्याशा अगम्य भाषेत गाणं म्हणत भांडी भिरकावत होता. आमच्या घरात शोकेसमध्येसुद्धा बाहुली ठेवत नसत. नानी दाराशी उभी राहून बघत होती. आम्ही पोरं हसत असताना तिनं एवढंच विचारलं, "बाकी सगळं बाहुलीचं, मग हे हात कुणाचे?"

नानीनं नेमकं पकडलं होतं. तो स्वीडिश शेफ. त्याचं डोकं आणि आवाज जिम हेन्सन यांच्याकडे, आणि हात मात्र फ्रँक ओझ यांचे खरेखुरे, उघडे हात. एका बाहुल्यात दोन माणसं. हात पुढे काय उचलतील आणि कुठे फेकतील, याचा बोलणाऱ्यालाही पुरता अंदाज नसे. निम्मी गंमत त्यातच होती.

हा कार्यक्रम म्हणजे 'द मपेट शो'. हेन्सन यांनी १९५५ साली, कॉलेजात असतानाच, वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर बाहुल्यांचा छोटा कार्यक्रम सुरू केला. आईच्या टाकून दिलेल्या कोटाचं हिरवं कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे तुकडे, यांतून कर्मिट जन्मला. तोच पुढे बेडूक झाला. पण हेन्सन यांची खरी करामत वेगळीच. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर लाकडी बाहुली वरून दोऱ्यांनी नाचवतात, आणि बाहुल्यांना रंगमंच लागतो. हेन्सन यांनी टीव्हीची चौकट हाच रंगमंच मानला. कलाकार चौकटीखाली उभा, हात डोक्याच्या वर, पंजा बाहुलीच्या तोंडात, आणि नजर समोरच्या मॉनिटरवर. म्हणजे तो आपली बाहुली प्रेक्षकाच्याच डोळ्यांनी पाहत असे.

अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांना हे पटेना. बाहुल्या म्हणजे मुलांचा खेळ, संध्याकाळी मोठी माणसं कशाला बघतील? शेवटी ब्रिटनमधल्या एटीव्ही कंपनीचे ल्यू ग्रेड पुढे आले. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत १९७६ ते १९८१ या काळात पाच मालिका झाल्या. प्रत्येकीत २४, एकूण १२० भाग. एक जुनं नाटकगृह, दर भागाला एक हाडामांसाचा पाहुणा, आणि वरच्या बॉक्समध्ये बसून सगळ्याला नावं ठेवणारे दोन म्हातारे. शंभरावर देशांत तो पाहिला गेला.

या १२० भागांतले तीन मला फार जवळचे.

पहिला एडगर बर्गन यांचा, दुसऱ्या मालिकेतला. बर्गन हे शब्दभ्रमकार. रामदास पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव आठवा, म्हणजे कल्पना येईल. गंमत अशी की बर्गन गाजले ते रेडिओवर! जिथे ओठ हलताहेत की नाही हे दिसतच नाही, तिथे लोकांनी त्यांचा चार्ली हा लाकडी पोरगा जिवंत मानला. रेडिओवरून हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतोय. लहानपणी हेन्सन याच बर्गनवर जीव टाकायचे. या भागात फॉझी नावाचं अस्वल एक लाकडी बाहुली घेऊन मंचावर येतं. पण बाहुलीचं बोलणं आपणच बोलायचं असतं, हे बिचाऱ्याला माहीतच नसतं. एक बाहुली दुसऱ्या बाहुलीच्या बोलण्याची वाट बघत बसते. बर्गन १९७८ मध्ये गेले. पुढच्या वर्षी आलेला मपेटांचा पहिला चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

दुसरा सेन्योर वेन्सेस यांचा, शेवटच्या मालिकेतला. हे स्पॅनिश गृहस्थ तेव्हा ऐंशी ओलांडलेले. ते मूठ आवळत. अंगठा आणि तर्जनीच्या कडेला लिपस्टिक लावली की झालं तोंड. वर दोन डोळे आणि केसांचा टोप. खाली छोटंसं अंग लटकवलं की 'जॉनी' तयार. हात उघड दिसतोय, लपवाछपवी काही नाही, तरी आपण त्या मुठीचंच म्हणणं कान देऊन ऐकतो. नानीला हा भाग दाखवायला मिळाला नाही, याची मला चुटपुट आहे.

तिसरा हॅरी बेलाफोन्टे यांचा, तिसऱ्या मालिकेतला. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात एका कथेकऱ्याची गोष्ट त्यांनी ऐकली होती. अग्नी, पाणी, माती यांपासूनच आपण सगळे आलो, अशी ती गोष्ट. तिच्यावरचं गाणं त्यांनी इथे गायलं. सोबतीला आफ्रिकी मुखवट्यांच्या धर्तीवर घडवलेल्या बाहुल्या. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागेल असा मुखवटा चुकूनही येऊ नये, म्हणून हेन्सन यांनी आधी नीट अभ्यास केला होता. आता बघा, गोष्ट गिनीची, गाणारा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, जमैकातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, बाहुल्या अमेरिकनांच्या हातातल्या आणि स्टुडिओ इंग्लंडमधला. गाणं ऐकताना मात्र हा आवाज नेमका कुणाचा, असं विचारावंसं वाटत नाही.

मला तो प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. कविसंमेलन संपलं की कुणीतरी जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं नाव असं, आणि मराठी इतकं छान कसं?" कौतुकानंच विचारतात. पण तो नानीचाच प्रश्न असतो, फक्त उलटा. हात दिसताहेत, मग आवाज कुठून आणलात? पूर्वी मी आईची भाषा, शाळा, गाव, सगळं सांगत बसायचो. हल्ली म्हणतो, कविता आवडली का ते सांगा.

१६ मे १९९० रोजी, अवघ्या ५३व्या वर्षी हेन्सन गेले. माझ्या निरोपाला कुणी काळे कपडे घालू नयेत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या चर्चमध्ये लोक जमले. त्यांच्या हातांत काड्यांवर लावलेली रंगीत फुलपाखरं होती. बेलाफोन्टे यांनी तिथे तेच गिनीचं गाणं गायलं आणि हजारो हातांतली ती फुलपाखरं हलू लागली.

तिथे हात सगळ्यांचेच दिसत होते. ते कुणाचे, हे विचारायला नानी नव्हती. असती, तर मला वाटतं, तिनंही एक फुलपाखरू हातात घेतलं असतं.