मलावी ते कोल्हापूर : एका नादाचा इतिहास

आपल्या सोसायटीत आज तीन-चार घरांत माशांच्या काचपेट्या आहेत. त्यांतल्या दोन पेट्यांमध्ये पिवळे, निळे, पट्टेवाले मासे दगडांच्या फटींतून एकमेकांचा पाठलाग करताना दिसतात. लहान मुलं त्यांना 'नीमो' म्हणतात, पाहुणे 'गोल्डफिश का हो?' म्हणून विचारतात आणि दुकानदार 'चिचलेट' म्हणून विकतात. त्यांचं खरं नाव सिक्लिड. त्यातही आफ्रिकन सिक्लिड. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. जमाखर्च लिहिण्यात उभा जन्म गेला, म्हणून यावेळी ज्या नादात गेली पंचवीस-तीस वर्षं गेली त्याचाच इतिहास लिहावा असं ठरवलं. तो बराच लांबचा आहे, पण वाटेत मुंबई आणि नाशिकही लागते.

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार हे या चालुक्यांचे मांडलिक. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार कोणते, ते कुठल्या पाण्यात सापडतात, त्यांना काय खायला घालावं, गळ कसा टाकावा, याची तपशीलवार माहिती त्यात दिलेली आहे. म्हणजे माशाच्या मागे लागलेला माणूस या मातीत नऊशे वर्षांपूर्वीही होता. फरक एवढाच, की तेव्हा मासा तळ्यात होता आणि बघणारा काठावर. काचेच्या पेटीतला मासा ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची देणगी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं आणि तिथून ही टूम जगभर पसरली.

आता आफ्रिकेकडे वळू. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया, टांगानिका आणि मलावी अशी तीन मोठी सरोवरं आहेत. आपल्या पेट्यांतले बहुतेक मासे मूळचे मलावी सरोवरातले. कोल्हापूर ते मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटर धरलं, तर हे सरोवर त्याच्या दीडपट लांब आहे. खोली सातशे मीटरच्या आसपास. यात सिक्लिडच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा वेगळा, वाळू चाळून किडे खाणारा वेगळा, दुसऱ्या माशाचे खवले ओरबाडून खाणाराही वेगळा. खडकांत राहणाऱ्या माशांना तिथले कोळी 'म्बुना' म्हणतात. हाच शब्द आता जगभरच्या हौशी लोकांनी उचलला आहे.

या सरोवराचं जुनं नाव न्यासा. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि त्याचे सोबती सप्टेंबर १८५९ मध्ये तिथे पोहोचले. सोबत डॉक्टर जॉन कर्क होते. त्यांनी जमवलेले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि १८६४ मध्ये गुंथर या शास्त्रज्ञाने त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. न्यासाच्या माशांची शास्त्राच्या वहीत पडलेली ही पहिली नोंद.

त्याच १८६४ साली या सरोवराचं नाव लावलेली एक छोटी आगबोट मुंबई बंदरात येऊन थांबली. तिचं नाव 'लेडी न्यासा'. सरोवरावर चालवण्यासाठी लिव्हिंग्स्टनने ती स्वतःच्या पैशानं बांधून घेतली होती. पण मोहीम गुंडाळावी लागली. बोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून हा गृहस्थ झांजिबारहून स्वतः ती हाकत, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, सुमारे अडीच हजार मैल समुद्र ओलांडून मुंबईला आला. पुढच्या वर्षी ती निम्म्याहून कमी किमतीत विकली. आलेले पैसे त्या काळच्या एका बँकेत गुंतवले आणि ती बँक बुडाली! बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हा तपशील वाचून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

बोटीवर चुमा आणि विकातानी नावाची दोन आफ्रिकन मुलं होती. ती मुंबईत शाळेत राहिली. नाशिकजवळ शरणपूर इथे तेव्हा गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी मिशनचा आश्रम होता. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा चुमा, विकातानी आणि नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा चुमा, सुसी आणि त्यांच्या साथीदारांनी त्याचा देह महिनोन्‌महिने खांद्यावरून चालत समुद्रकिनाऱ्यावर पोहोचवला. त्यांच्यात जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुणही होता. इतिहासाच्या पुस्तकात साहेबाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण ज्यांनी घेतलेली जबाबदारी शेवटपर्यंत वाहिली ते हे लोक होते. या लेखाच्या शेवटी मला जे सांगायचं आहे, त्यासाठी हे लक्षात ठेवावं.

पुढे जेफ्री फ्रायर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सरोवराकाठी राहून खडकातल्या या माशांचा बारकाईनं अभ्यास केला. आपल्याकडे 'इलेक्ट्रिक यलो' म्हणून मिळणाऱ्या पिवळ्याधमक माशाच्या जातीला शास्त्रीय नाव त्यांनीच १९५६ मध्ये दिलं. गंमत म्हणजे त्यांनी वर्णन केलेला मासा पिवळा नव्हताच, फिकट पांढरट-निळसर होता. पिवळा प्रकार नंतर सरोवराच्या दुसऱ्या भागात सापडला आणि १९८० नंतर जगभर गेला. दरम्यान न्यासालँड १९६४ मध्ये स्वतंत्र होऊन मलावी झालं, आणि सरोवराच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाला काचेतला मासा दाखवला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं. आमच्या पिढीत कोल्हापूरहून मुंबईला गेलेला माणूस राणीची बाग, गेटवे आणि मत्स्यालय बघितल्याशिवाय परत यायचा नाही. घरोघरी मात्र गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल एवढंच असायचं. आफ्रिकन सिक्लिड आपल्या बाजारात रुळले ते १९९१ नंतर आयात सैल झाल्यावर. मुंबईला बदलीवर असताना क्रॉफर्ड मार्केटात मी ते पहिल्यांदा बघितले आणि गोड्या पाण्यात असे समुद्रासारखे रंग असतात यावर विश्वास बसेना. आज दुकानात मिळणारे बहुतेक मासे सरोवरातून पकडलेले नसतात. चेन्नईजवळचं कोळथूर, कोलकाता, नाहीतर थायलंड-सिंगापूरकडच्या शेततळ्यांत त्यांची पैदास होते.

कोल्हापुरात हा नाद टिकायला एक अनपेक्षित मदत झाली, ती बोअरच्या पाण्याची. गीझरमध्ये थर बसतो, बादल्या पांढऱ्या होतात, डाळ शिजत नाही, म्हणून वार्षिक सभेत ज्याच्या नावानं आपण बोटं मोडतो तेच जड पाणी या माशांना मानवतं. मलावीचं पाणी क्षारयुक्त आहे, त्याचा सामू पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान असतो. नळाला येणारं पाणी घाटातल्या पावसाचं, त्यामुळे मऊ. ते वापरायचं तर क्लोरिन उडू द्यावा लागतो आणि पेटीत चुनखडीचे दगड किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा लागतो.

बाकी नियम थोडे आहेत. पेटी निदान चार फुटांची हवी. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या पेटीत अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो. तेव्हा ती भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी. दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवावेत आणि मग वाळू घालावी, कारण हे मासे वाळू उकरतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. शेवाळखाऊ जातींना मांसाहारी खाणं देऊ नये, पोट फुगून मरतात. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. पेटीत प्रत्येक नराची एक फट ठरलेली असते, तिथे दुसरा शिरला की भांडण. पार्किंगच्या जागेवरून आपल्याकडे होतं तसंच, फक्त तिथे सेक्रेटरी नसतो! मादी मात्र बघण्यासारखी. अंडी तोंडात धरून ती तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नाही, आणि शेवटी तोंडातून तयार पिल्लं बाहेर सोडते.

२०१९ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी त्रेचाळीस. आपल्या आवारात पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि पुरात उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळही कोरडे झाले. पंप बंद पडला की अशा भरलेल्या पेटीतला प्राणवायू काही तासांत संपतो. तेव्हा सोसायटीतल्या पोरांनी पाळ्या लावल्या. मगानं पेटीतलंच पाणी काढायचं आणि वरून धार धरून परत ओतायचं, दर अर्ध्या तासाला, रात्रीसुद्धा. खाणं पूर्ण बंद ठेवलं. तीन मासे गेले, बाकी सगळे वाचले. माणसांचे एवढे हाल चाललेले असताना माशांचं काय घेऊन बसलात, असं कुणीही म्हणालं नाही. याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आफ्रिकन सिक्लिड आपल्या देशात काचेच्या पेटीतून यायच्या आधी दुसऱ्या वाटेनं आला होता. बाजारात 'चिलापी' म्हणून मिळणारा तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. स्वस्तात प्रथिनं मिळावीत या चांगल्या हेतूनं १९५२ मध्ये तो भारतात आणला. तोही पिल्लं तोंडात सांभाळतो, लहान वयातच विणीला येतो आणि कसल्याही पाण्यात तग धरतो. थोड्याच वर्षांत तो इतका फोफावला की १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. पण तोवर उशीर झाला होता. आज उजनीच्या जाळ्यात तो किती येतो ते कुणालाही विचारा. आफ्रिकेतही हेच घडलं. व्हिक्टोरिया सरोवरात बाहेरून नाईल पर्च मासा सोडला आणि तिथल्या कितीतरी सिक्लिड जाती कायमच्या नाहीशा झाल्या.

आपल्या पाण्यात काय आहे हे आपल्यालाच पुरतं माहीत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ देवळाचं कुंड आहे. हीच नदी पुढे आपल्या आजरा-गडहिंग्लजमधून वाहते. त्या कुंडातला एक बोटभर मासा २०२० मध्ये तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवीन जात म्हणून नोंदवला, नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्या जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. देवदर्शनाला जाणाऱ्यांच्या पायाशी तो किती पिढ्या पोहत होता, कोण जाणे.

आणि आपण काय करतो? मुलगा शिकायला पुण्याला जातो, फ्लॅट विकायला निघतो, पाळणारा माणूस थकतो. मग मासे पिशवीत भरून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडले जातात. वर 'जीवदान दिलं' म्हणून समाधान! बहुतेक मासे तिथे मरतात, आणि जे मरत नाहीत ते त्याहून वाईट. हे मासे नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षं जगतात. माझं वय आता पंचाहत्तरीला आलं आहे, म्हणजे आज आणलेलं पिल्लू माझ्या मागे राहण्याचा हिशेब सरळ आहे. बँकेत प्रत्येक खात्याला वारस लावतात, तसा प्रत्येक पेटीलाही लावावा. मी माझ्या पेटीला लावला आहे. सोसायटीतल्याच दोन मुलांनी, आई-वडिलांच्या संमतीनं, ती पुढे सांभाळायचं कबूल केलं आहे. ज्यांना वारस मिळत नाही त्यांनी दुकानदाराला मासे परत द्यावेत किंवा मला सांगावं, घर शोधून देऊ. पण नदी-तळ्यात सोडू नयेत.

दर रविवारी सकाळी दहाला पाणी बदलणं असतं. दोघं वारस बादल्या घेऊन येतात. मादीच्या तोंडात सध्या अंडी आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर यावं, फक्त काचेवर टकटक करू नये.